गोंद वाळेपर्यंत

टर्टल फोर्क, ३ ऑगस्ट

आई,

आपला टीव्हीवरचा कार्यक्रम बंद होतोय. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय, नाहीतर शाळेच्या ऑफिसातल्या हनीकटबाई आहेतच गावभर सांगायला.

पत्र का, फोन का नाही, असं तू म्हणशील. फोनवर माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि मेसेज केला तर तू दोन शब्दांत उत्तर देतेस आणि त्यातला एक शब्द 'शाळा' असतो. पत्रात निदान मला मध्येच कुणी तोडत नाही.

आजोबांनी काल नाश्त्याला सांगितलं. म्हणजे मला नाही, बिस्किटाला. ग्रेव्हीत बुडवलेल्या मऊ, गरम बिस्किटाकडे बघत म्हणाले, "ऑक्टोबरात शेवटचा भाग. मग सुट्टी."

मी म्हटलं, "कुणी ठरवलं?"

"मी आणि स्टेशनने. स्टेशनने आधी ठरवलं, मी नंतर."

मग त्यांनी आणखी एक बिस्किट घेतलं. म्हणजे फार वाईट वाटलेलं नसावं. किंवा फारच वाटलं असेल.

'थर्मनचं वर्कशॉप' नाही असा शनिवार मला माहीतच नाही. तुलाही नसेल, तू शाळेत होतीस तेव्हापासून चालू आहे. तुझ्या वेळचंच सगळं अजून आहे इथे. प्रत्येक वस्तू तीनदा. एक नुसती कापलेली, एक अर्धी जोडलेली, एक पॉलिश होऊन चमकणारी. आजोबा पहिलीला गोंद लावतात, म्हणतात, "आता हे वाळू द्या," टेबलाखाली वाकतात आणि मधली काढतात. लोकांना वाटतं चुटकीसरशी झालं. मधल्या सगळ्या आता मी करते. टेबलामागे लपून बसायचं आणि वेळ झाली की आजोबांच्या हातात सरकवायची, हेही माझंच काम. कॅमेऱ्यात दिसायचं नाही, बोलायचं नाही. माझ्यासाठीच बनवलेलं काम आहे हे.

कार्यक्रम झाला की मधल्या अजूनही गावातलेच लोक घेऊन जातात. हनीकटबाईंच्या ओसरीवर तू केलेली एक मधली आरामखुर्ची अजून आहे, पाठ नसलेली. तिच्यात मांजर झोपतं.

तर शेवटच्या भागाला तू ये. तू आजोबांशी वर्षभर बोलली नाहीस, मला माहीत आहे. मी शाळा सोडली आणि त्यांनी सोडू दिली, तुला न विचारता, हेही माहीत आहे. तरी ये. का, ते विचारू नकोस. म्हणजे विचार, पण मी सांगणार नाही.

टॅन्सी

ता.क. मी लिहिलंय हे आजोबांना माहीत नाही.


२४ ऑगस्ट

आई,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. मागची ओळ मी पत्राच्या पेटीपाशीच वाचली आणि तिथेच गवतात बसले. "करंगळी खाली घे, कापली जाईल." बस, एवढंच.

म्हणजे तू बघतेस. तिकडे ॲरिझोनात, टुसॉनमध्ये दर शनिवारी तू कॉम्प्युटरवर आमचा कार्यक्रम लावतेस. आजोबांना वाटतं तू टीव्हीच विकलास.

ठीक आहे, सांगते. ते हात माझे आहेत हे तुला कळलंच आहे तर.

मागच्या हिवाळ्यापासून आजोबांचे हात थरथरतात. कप उचलला की बशीत भूकंप. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, ही गोळी घ्या. गोळी घेतली की ते दुपारभर घोरतात, म्हणून गोळी नको म्हणतात. कॅमेऱ्यासमोर बोलताना ते हात खिशात घालून उभे राहतात आणि लोकांना वाटतं काय ऐट आहे म्हाताऱ्याची. काम जवळून दाखवायचं असलं की रॉस्को कॅमेरा थांबवतो. मग मी आजोबांचा शर्ट चढवते आणि त्यांच्या जागी उभी राहते. टीव्हीवर मी फक्त कोपरापासून खाली असते.

पण मी तुझ्यासारखीच डावखुरी ना. म्हणून रॉस्को माझं चित्र आरशातल्यासारखं उलटं फिरवतो. म्हणून आजोबांची लग्नाची अंगठी मी उजव्या हातात घालते, आतून दोरा गुंडाळून, म्हणजे टीव्हीवर ती डाव्या हातात येते. मोजपट्टी वापरता येत नाही, आकडे उलटे दिसतात. मग आजोबा हल्ली सांगतात, "खरा सुतार पट्टीने मोजत नाही, काडीने मोजतो." ते ऐकून केंटकीच्या एका माणसाने लिहिलं, तुमचं तत्त्वज्ञान ऐकून डोळे भरून आले.

हातांवर केस हवेत म्हणून रॉस्को आपल्या कुत्र्याचे केस चिकटवणार होता. आजोबा म्हणाले, "माझी एवढीही वाईट अवस्था नाही झाली." शेवटी अक्रोडाचा रंग चोळून भागवलं. तरी ओहायोच्या एका बाईने विचारलंच, थर्मन, तुमचे हात एवढ्यात फार तरुण दिसतात, काय लावता? आजोबांनी पुढच्याच भागात सांगून टाकलं, "मधमाशीचं मेण. रोज, झोपताना."

हे सगळं रॉस्कोला, आजोबांना आणि मला माहीत आहे, आणि आता तुला. स्टेशनवाल्यांना नाही. ते शहरात बसतात, रॉस्को पाठवतो ते दाखवतात.

करंगळी खाली घेते. वाचताना हसू आलं, खरं सांगते.

टॅन्सी


१५ सप्टेंबर

आई,

काल स्टेशनवरून डेव्हिन आला होता. नवीन आहे. बूट इतके पांढरे की कोंबड्या मागे लागल्या.

"मिस्टर थर्मन," तो म्हणाला, "शेवटचा भाग आपण लाइव्ह करतोय. शाळेच्या जिमच्या मोठ्या हॉलमध्ये, गावासमोर. दीड तास. मध्ये मध्ये स्टेशनसाठी देणग्यांचे फोन घेऊ. आणि काही आधी करून ठेवायचं नाही. एकच लाकूड, एकच माणूस, दोन हात."

रॉस्कोच्या नाकातून कॉफी आली.

"तुम्हाला जमेल ना?" डेव्हिनने विचारलं.

आजोबा खिशातून हात न काढता म्हणाले, "का नाही जमणार?"

डेव्हिन गेल्यावर रॉस्को म्हणाला, "म्हाताऱ्या, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्याने विचारलं जमेल ना. असं विचारल्यावर माणूस काय सांगणार?"

"नाही जमणार, असं सांगणार."

"तू सांगशील. तू टेनेसीचा, इथला नाहीस."

मग रॉस्को सांडलेली कॉफी पुसायला लागला. मी झाडू मारत होते, तोही आवाज न करता.

आई, सगळ्यांसमोर त्यांनी पटाशी उचलली की दिसणार. हात थरथरतात याची त्यांना लाज नाही, तसं ते हनीकटबाईंनाही सांगतील. पण मग लोक विचारणार, इतके दिवस टीव्हीवर कुणाचे हात होते? आणि आजोबा आयुष्यभर सरळ काम, सरळ बोलणं असं सांगत आलेत. शेवटच्या दिवशी गाव त्यांना लबाड म्हणालं तर ते पुढे त्या वर्कशॉपचं दारसुद्धा उघडणार नाहीत. मी ओळखते त्यांना.

संध्याकाळी ते माझ्यापाशी आले. "टॅन्सी, तू शेजारी उभी राहा. मी बोलेन, तू काप. नात आजोबाला मदत करतेय, एवढंच दिसेल."

"जिममध्ये?"

"जिममध्येच."

मी बाहेर गेले आणि कोंबड्यांना दुसऱ्यांदा दाणे घातले.

त्या जिममध्ये काय झालं होतं, मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मला भाषण करायचं होतं, नदीतल्या माशांवर. पहिलं वाक्य आठवेना. मी उभी, सगळे गप्प. हसले असते तर चाललं असतं. पण कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, धीर द्यायला, आणि मग सगळी शाळा वाजवायला लागली. न केलेल्या भाषणाला एवढ्या टाळ्या. त्यानंतर मी त्या शाळेतच पाय ठेवला नाही.

म्हणून तू ये. आजोबा कुठे थांबतात, कुठे तीच ती गंमत सांगतात, हातात काय कधी द्यायचं, हे दोघींनाच कळतं. एक तू. दुसरी मी, आणि माझ्याने होणार नाही.

टॅन्सी


६ ऑक्टोबर

आई,

तुझं पत्र मिळालं. दोन पानं शाळा, आणि शेवटी चार ओळी उत्तर. "मी येणार नाही. तुझी शाळा सुटली तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही. आता मदत हवी आहे तर तेही तूच लिहितेस. त्यांना तोंड आहे."

मी ते आजोबांना वाचून दाखवलं. हो, मी लिहिते हे सांगितलं शेवटी. शाळेची दोन पानंही वाचली, गाळलं नाही काही. ते रंध्याचं पातं पुसत ऐकत होते.

"बरोबर आहे तिचं," म्हणाले.

"मग फोन करा."

"करतो. आधी हे पातं होऊ दे."

पातं झालं. मग म्हणाले, "तिकडे आत्ता किती वाजले असतील?" मग, "जेवत असेल ती." मग, "आता झोपली असेल." तुम्ही ॲरिझोनाचे लोक सारखे जेवता आणि झोपता असं दिसतं. चार दिवस मी हेच बघतेय. फोनपर्यंत जातात, फोनवरची धूळ पुसतात आणि परत येतात. मला कोण भित्री म्हणतं कोण जाणे, मी त्यांच्यावरच गेलेय.

तर मीच उभी राहणार आहे. त्यात काही मोठं नाही. मी लोकांकडे पाठ करून उभी राहीन. पाठीला भाषण आठवावं लागत नाही.

काल जिम बघून आलो. हनीकटबाई दारातच होत्या. "अगं टॅन्सी, लेकरा, तुझं लॉकर अजून तसंच आहे बघ."

मी मान खाली घालून म्हटलं, "खरंच?"

"खरंच. कुलूप उघडतच नाही त्याचं." मग आजोबांना म्हणाल्या, "थर्मन, फोन घ्यायला मी बसणारेय हां. मला माईक नको."

"तुला माईक दिला तर व्हर्जिनियात ऐकू जाईल," आजोबा म्हणाले.

एक स्टूल करायचं ठरलंय. अक्रोडाचं, बैठक दोन फळ्या जोडून. एकच. आजोबा येता-जाता बजावतात, "एकच हं टॅन्सी. टेबलाखाली काही ठेवायचं नाही. या वेळी सगळं खरं." मी हो म्हणते. माझ्या हाताला सवयच नाही एक करायची. परवा बेसावधपणे दुसऱ्या स्टुलाच्या फळ्या कापायला घेतल्या होत्या.

टॅन्सी


२० ऑक्टोबर

आई,

तू कॉम्प्युटरवर काय पाहिलंस मला माहीत नाही, कॅमेरा एकीकडे आणि मी भलतीकडे होते. म्हणून माझ्या बाजूने जे झालं ते लिहिते.

जिम भरलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा लोक घरी जाऊन आपापल्या मधल्या खुर्च्या घेऊन आले. पाठ नसलेल्या, हात नसलेल्या, एकीला तर फक्त पाठच. डेव्हिन मला विचारत होता, या गावात सगळ्यांचं फर्निचर असं अर्धं का? मी म्हटलं, असंच असतं इकडे.

दिवे लागले आणि मी पाठ केली. डेव्हिन हाताने खुणा करत होता, वळ, वळ. मी लाकडाकडे बघत राहिले. आजोबांनी हात खिशात घातले आणि म्हणाले, "ही माझी नात टॅन्सी. लाजाळू आहे. तिच्याकडे बघू नका, लाकडाकडे बघा." आणि आई, लोकांनी खरंच ऐकलं. अख्खं गाव शहाण्यासारखं फळीकडे बघत बसलं. मला पाठीलासुद्धा ते जाणवत होतं. मग हात मोकळे झाले.

करवत झाली, रंधा झाला. आजोबा बोलत होते, मी करत होते. त्यांनी ती बीव्हर आणि पाद्रीबाबांची गंमत सांगितली आणि लोक हसले, सगळ्यांना ती तोंडपाठ असूनही. मी फळ्यांच्या कडांना गोंद लावला, फळ्या दाबून धरणारे शिकंजे चढवले, आवळले. कडेने गोंदाचे थेंब बाहेर आले. सुंदर झाला होता सांधा.

आजोबा म्हणाले, "आता हे वाळू द्या." आणि वाकून टेबलाखाली गेले.

सवयीने मीही गेले, पलीकडून, मधली हातात द्यायला.

टेबलाखाली आम्ही दोघं. मध्ये त्यांचा कॉफीचा थर्मास.

"कुठाय?" आजोबा कुजबुजले.

"काय?"

"मधली, आणखी काय."

"आजोबा, मधली नाहीच. लाइव्ह आहे."

त्यांनी थर्मास बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मग हा गोंद वाळायला किती वेळ लागतो?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"टीव्हीवर कधी लागलाच नाही."

आमच्या दोघांच्या शर्टाला माईक होते. हे तेव्हा आठवलं, जेव्हा सगळं जिम हसून थरथरायला लागलं. एवढे दिवस डेव्हिन, रॉस्को, आजोबा, मी, सगळे वेळापत्रक करत होतो. इतका वेळ कापायला, इतका रंध्याला, इतका पायांना. गोंद वाळायला वेळ लागतो हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या डोक्यात आल्यावाचून राहिलं नसतं.

मी गडबडीत वर आले ती उलट्या बाजूने. म्हणजे समोर अख्खं गाव.

डेव्हिनचा चेहरा बुटांसारखा झाला होता. त्याने देणगीदारांना भेट मिळणाऱ्या पिशव्या आणि कॉफीचे कप दाखवले, परत एकदा दाखवले, मग त्याच्याकडेही दाखवायला काही उरलं नाही. आजोबांनी एक मधली ओढून घेतली आणि बसले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी कधीचा तुम्हाला सांगतोय, वाळू द्या, वाळू द्या. आज पहिल्यांदा आपण वाळू देणार आहोत."

आणि त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतायला हात खिशातून काढले. रॉस्कोचा कॅमेरा त्यांच्यावरच होता. मोठ्या पडद्यावर कप एवढा मोठा, आणि कॉफी इकडून तिकडे. आजोबांनी पडद्याकडे पाहिलं, मग कपाकडे. मला वाटलं आता काहीतरी गंमत करून झाकतील.

"हो," ते म्हणाले. "थरथरतात. मागच्या हिवाळ्यापासून तुम्ही टीव्हीवर जे हात बघताय ते माझे नाहीत. हिचे आहेत. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

मी टेबलाची कड धरून उभी. पळून जावं तर दार लोकांच्या पलीकडे.

मग मागून म्हातारे टीगकाका उठले, पेट्रोल पंपवाले. "मग त्या मेणाचं काय, थर्मन? माझी बायको कधीची रोज झोपताना चोळतेय."

"काही फरक पडला का?" आजोबांनी विचारलं.

"चादरी चिकटतात."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेचना, टीगकाकू तर रुमालात तोंड लपवून हसत होत्या. मला वाटतं तिथेच सुटलो आम्ही. एवढं हसल्यावर कुणी लबाड म्हणायला उठत नाही.

आणि तेवढ्यात हनीकटबाईंचा आवाज. "थर्मन, ॲरिझोनाहून एक बाई आहेत. देणगी द्यायची नाही म्हणतात. म्हणतात, शिकंजा फार आवळलाय, सगळा गोंद बाहेर आला, सांधा उपाशी राहील."

तू त्या वेळी आजोबांचा चेहरा बघायला हवा होतास. कॅमेऱ्यात आला असेल तर पाहिला असशील.

"त्यांना सांगा," आजोबा म्हणाले, "शिकंजा मी नाही, त्यांच्या मुलीने आवळलाय."

"त्या विचारतात, तिला शिकवलं कुणी?"

"ज्याने त्यांना शिकवलं त्यानेच, म्हणावं."

"त्या म्हणतात, तेच म्हणतेय मी."

जिमला काही कळत नव्हतं, तरी सगळे इकडून तिकडे माना फिरवत होते, टेनिस बघितल्यासारखे. मी शिकंजा अर्धा फेरा सैल केला. थोड्या वेळाने हनीकटबाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, आता ठीक आहे. आणि करंगळी पण ठीक आहे. कसली करंगळी ते मला विचारू नका."

"त्यांना सांगा," आजोबांनी सुरू केलं आणि थांबले.

"काय सांगू?"

आजोबांनी कप खाली ठेवला, परत उचलला.

"हे बघ थर्मन," हनीकटबाई म्हणाल्या, "मी काय तुमची टपालवाली आहे? हा फोन, हा तू. घे."

ते उठले. माईक काढून माझ्या हातात ठेवला आणि सगळं जिम ओलांडून फोनपर्यंत गेले. लोकांकडे पाठ करून उभे राहिले. तुम्ही काय बोललात मला माहीत नाही. रॉस्कोने कॅमेरा तिकडे वळवला नाही, डेव्हिन खुणा करत होता तरी. चांगला माणूस आहे, टेनेसीचा असला तरी.

इकडे मी एकटी. शर्टाला एक माईक, हातात दुसरा. समोर सगळे.

पहिलं वाक्य मला या वेळीही आठवलं नाही, कारण पहिलं वाक्य नव्हतंच. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी म्हणाली, "ते गोल गोल काय आहे लाकडात?"

मी लाकडाला सांगितलं, "गाठ आहे. इथे फांदी होती."

"मग फांदी कुठे गेली?"

"झाड मोठं होत गेलं आणि फांदी आत राहिली." हे सांगताना मी वर पाहिलं, कारण तिला गाठ नीट दिसेना. मग फळी उचलून नेली, शिकंज्यांसकट. मग तिच्या शेजारचा म्हणाला, मला पण. मग कुणीतरी विचारलं, गाठीवर रंधा अडत नाही का? अडतो. मग काय करायचं? मग मी सांगितलं काय करायचं. डाव्या हाताने रंधा कसा धरतेस? दाखवला. मोजपट्टी का वापरत नाहीस? त्याचंही खरं कारण सांगितलं आणि केंटकीच्या माणसाची मनातल्या मनात माफी मागितली. किती बोलले कोण जाणे. टाळ्या एकानेही वाजवल्या नाहीत. वेळच नव्हता कुणाला, सगळे विचारत होते.

आजोबा परत आले तेव्हा नाक लाल होतं. म्हणाले, "झालं का वाळून?"

"तुमचं झालं का?" मी म्हटलं. माईकमध्ये. सगळ्यांनी ऐकलं.

मग पाय बसवले आणि स्टूल उभं राहिलं. डेव्हिनला शेवटचं चित्र हवं होतं, आजोबा स्टुलावर बसलेले, मागे संगीत. आजोबा म्हणाले, "उद्या बसेन. सांधा अजून ओला आहे." डेव्हिन विनवत होता, एक मिनिट, मिस्टर थर्मन, अर्धं मिनिट. नाही म्हणजे नाही. त्यामुळे 'थर्मनचं वर्कशॉप'चं शेवटचं चित्र म्हणजे एक रिकामं स्टूल आणि त्याच्याभोवती हात मागे बांधून उभं असलेलं गाव.

आज सकाळी बसले. टिकलं.

तुझी
टॅन्सी


१७ नोव्हेंबर

आई,

हे पत्र आजोबांच्या नकळत लिहितेय, परत.

शाळेचं तुम्ही दोघं फोनवर ठरवताय असं कानावर येतं. आधी तुला न विचारता ठरलं, आता मला न विचारता ठरतंय. हनीकटबाई म्हणतात, दुपारी येऊन राहिलेले विषय करता येतात, जिमच्या बाजूने यायचं नसेल तर मागच्या दाराने आलीस तरी चालेल. मी म्हटलं, जिमच्या बाजूने आले तरी चालेल. तर करते. पण सकाळी वर्कशॉप. हे मी ठरवलंय, तुम्हा दोघांना न विचारता.

पण लिहायचं कारण दुसरंच आहे. आजोबा तुला रोज फोन करतात ना. कसा करतात ते तुला माहीत नाही.

नाश्ता झाला की ते काहीतरी मोडकं शोधून आणतात. त्याला गोंद लावतात, शिकंजा आवळतात, मग अर्धा फेरा सैल करतात. मग घड्याळाकडे बघून मोठ्याने म्हणतात, "आता हे वाळेपर्यंत माणसाने करायचं काय?" आणि मी काही बोलायच्या आत फोन उचलतात. गोंद लावल्याशिवाय एकदाही नाही. मी म्हटलं, आजोबा, नुसता फोन करा. तर म्हणाले, "नुसता कसा करायचा? कामात असतो मी."

पहिल्या आठवड्यात घरातलं मोडकं सगळं संपलं. मग रॉस्कोच्या घरचं. मग गावात ज्यांच्या ज्यांच्याकडे मधली खुर्ची होती, तिला पाठ बसली, हात बसले, हनीकटबाईंच्या मांजराला आता झोपायला जागा नाही. आणि काल मी खिडकीतून पाहिलं, ते जेवणाच्या टेबलाची चांगली खुर्ची घेऊन शेडमागे गेले, इकडे तिकडे बघितलं आणि गुडघ्यावर टेकवून तिचा पाय मोडला. आत येऊन मला म्हणाले, "जुनी झाली होती, बघ कशी तुटली."

तर आई, एखाद्या दिवशी तूच आपणहून फोन कर ना, नाश्त्याच्या जरा आधी. तीनच धड खुर्च्या उरल्यात, आणि नाताळला तू येणार म्हणतेस.

तुझी
टॅन्सी